खानावळीतलं गोड बंद झालं त्याची गोष्ट

संयुक्त महाराष्ट्रासाठी मी चार वर्षं गोड खाल्लं नाही, असं आमच्या करी रोडच्या चाळीत अजूनही सांगतात. त्यातलं 'चार वर्षं' बरोबर आहे. 'संयुक्त महाराष्ट्रासाठी' हे खोटं आहे. आणि 'खाल्लं नाही'... ते पुढे येईलच.

आता माझं वय झालं, आमचे हे जाऊनही पुष्कळ वर्षं झाली, तेव्हा खरं काय ते लिहून टाकते. (मी शाळेत कधी गेले नाही. अक्षरं शिकले ती वाण्याच्या पुड्यांच्या कागदावरून. तो कागद नेमका बातमीच्या मध्येच फाटलेला असायचा, त्यामुळे उरलेली बातमी आपल्या मनाने पुरी करायची मला सवय लागली. इथे ती आड येऊ देणार नाही, शप्पथ!)

तर चाळीत आमच्या दोन खोल्या. एका खोलीत आम्ही नवराबायको आणि दोन लहान मुलं, दुसरीत माझी खानावळ. चौदा मेंबर. सगळे कोकणातले, बायकापोरं गावाला ठेवून गिरणीत कामाला आलेले. दिवसपाळी सुटली की हातपाय धुऊन पंगतीला बसायचे, भिंतीला पाठ लावून दोन रांगा. त्या पंगतीच्या टोकाला आमच्या ह्यांचा पाट. यांना सगळे नाना म्हणत आणि मला काकी. तेव्हा मी तिशीचीसुद्धा नव्हते, पण हातात पळी आली की बाई आपोआप काकी होते.

हे गिरणीत विणकर. साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, माणूस पाळीभर उभा. एके दिवशी साच्यातला धोटा उडाला, लाकडाचा, टोकाला लोखंड असलेला, तो थेट यांच्या पायाच्या अंगठ्यावर बसला. जखम एवढीशी, पण महिना झाला तरी भरेना. हळद झाली, पाला झाला, गावाहून आलेलं कसलंसं काळं तेल झालं. शेवटी परळच्या मोठ्या इस्पितळात गेलो. तिथे लघवी घेतली, निळ्या पाण्यात तिचे थेंब टाकले आणि काचेची नळी दिव्यावर धरली. पाणी निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच. आमची नळी हिरवं, पिवळं, नारिंगी सगळी स्टेशनं सोडून थेट विटेसारखी लाल!

डॉक्टर पोरसवदा होता, पण बोलला खणखणीत. "मधुमेह आहे. भात मूठभर. गूळ, साखर, गोडाचं काहीही बंद. नाचणीची भाकरी, पालेभाजी, कारली. जखम भरली तर ठीक. नाही भरली तर आधी अंगठा काढायला लागेल, मग पाय."

आणि हे सगळं तो यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघून बोलला! "बाई, हे तुमच्या हातात आहे." यांनीही माझ्याकडे बघून मान डोलावली. जसा काही पाय माझाच होता!

परतताना पुलाखाली हे थांबले. म्हणाले, "अगो, कोणाक सांगू नको हां. मुकादमाक कळला तर साच्यावरसून काढतलो. लंगड्या विणकराक कोण ठेवता?"

मी म्हटलं, "नाही सांगत." आणि तिथेच सगळा घोळ सुरू झाला.

मेंबरांना सांगितलं, नानांचं पोटाचं पथ्य आहे. पंगतीत चौदा ताटांत भात, माशाचं कालवण, आणि टोकाच्या ताटात नाचणीची भाकरी नि कारल्याची भाजी. कारलंही गूळ न घालता केलेलं, म्हणजे काय चव असेल ती तुम्हीच समजा. हे मुकाट्याने खायचे. मी मनात म्हणायची, किती गुणी माणूस! मैत्रिणींना सांगायची, "आमच्या ह्यांना एकदा सांगितलं की झालं."

पंधरा दिवसांनी इस्पितळात गेलो. नळी लाल. पहिल्यापेक्षा लाल!

डॉक्टर म्हणाला, "बाई, काय खायला घालता?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काय खायला घालते ते अख्ख्या चाळीला वासावरून कळत होतं!

त्या संध्याकाळी मी वाढून झाल्यावर आत जायचं सोंग केलं आणि पडद्याच्या फटीतून बघत बसले. तांदळाची खीर होती. बघते तर काय, यांच्या शेजारच्या धोंडूने (हा आमचा सगळ्यात तोंडाळ मेंबर) इकडेतिकडे बघून खिरीची आपली वाटी हळूच यांच्या पाटाकडे सरकवली. यांनी एक घोट घेऊन परत केली. मग समोरच्याने भाताचा गोळा टाकला. मग पलीकडून गुळाचा खडा हातोहात, हातोहात, पाच माणसं ओलांडून आला! प्रत्येक जण असा गुपचूप देत होता की जणू तो एकटाच देतोय. चौदा माणसं, आणि प्रत्येकाचा एकच घास. मोजा!

त्यांचाही दोष म्हणवत नाही. आपल्या पानात आहे आणि शेजारच्याच्या पानात नाही, हे कोकणातल्या माणसाला बघवत नाही. त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. आणि मेंबरांची तर समजूतच अशी की काकी नानांना उपाशी मारतेय.

मेंबर गेल्यावर मी तोफ डागली. "तुम्ही मला फसवलंत!"

"मी खंय मागितलंय? पानात येता तर टाकू? अन्न आसा ता."

"पाय जाईल तुमचा!"

हे अंगठ्याच्या पट्टीकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "सगळे भात खातत नि मी एकटो. कारला घशाखाली उतरना नाय गो."

मी माझं जेवण वाढून घ्यायला पातेली पुढे ओढली. आणि यांचं जेवण झालं की मागाहून मी काय खात होते? भात. कालवण. आणि पातेल्याच्या तळाची खीर, बोटाने पुसून. मला वाटत होतं मी यांना जपतेय. मी तर यांना पंगतीत बसवून पंगतीबाहेर काढलं होतं!

दुसऱ्या दिवशी मी ठरवून टाकलं. दोन चुली, दोन जेवणं नकोत. यांच्या पानात जे, तेच सगळ्यांच्या पानात. माझ्याही. नाचणीची भाकरी, मेथी, मासे, कारली, भात एक मूद. दुपारच्या डब्यांतही तेच. मेंबरांना सांगितलं नाही. काय सांगणार? तोंड तर पुलाखाली बांधून आले होते.

पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, तांदूळ संपला. दुसऱ्या दिवशी वाटलं, काकीला बरं नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, नानांना बरं नाही म्हणून काकीचं डोकं ठिकाणावर नाही. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. आठवडा काढला बिचाऱ्यांनी. मग आला गोडाच्या जेवणाचा दिवस.

महिन्यातून दोनदा गोडाचं जेवण हा खानावळीचा रिवाज. त्यासाठी माणसं दिवस मोजतात. ती पंगत बसली, पानं वाढली, आणि पानात कारलं! धोंडूने ताट उचलून खाली बघितलं, गोड ताटाखाली आहे की काय म्हणून.

"काकीनू, गोड खंय आसा?"

मी म्हटलं, "जेव आधी."

"जेवतंय. पण गोड खंय?"

"नाही केलं."

"कित्याक?"

चौदा माणसं जेवायची थांबून माझ्याकडे बघत होती. टोकाच्या पाटावरून हे माझ्याकडे बघत होते. असे बघत होते की सांग म्हणत नव्हते आणि सांगू नको असंही म्हणत नव्हते, नुसते घामाने भिजले होते. पंगतीत मुकादमाच्या गावचे दोघे बसलेले. त्यांच्या कानावर गेलं की उद्या गिरणीत. नेमका तेव्हाच खाली रस्त्यावरून मोर्चा चालला होता. त्या दिवसांत रोजच कुठे ना कुठे मोर्चा. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र, झालाच पाहिजे!" खिडकीतून आवाज आत आला आणि माझ्या तोंडात शिरला, दुसरं काय सांगू!

पळी वर करून मी ओरडले, "संयुक्त महाराष्ट्र झाल्याशिवाय या खानावळीत गोड होणार नाही!"

मग धोंडू उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी! (ते महाराष्ट्रासाठी की खिरीसाठी, हे मी कधी विचारलं नाही.) म्हणाला, "काकीनू, आमका आधी सांगुचा होता!" आणि त्याने कारल्याचा असा मोठा घास घेतला की त्यानंतर पाणी प्यायलाही हरकत नव्हती, पण तो प्याला नाही. सगळ्यांनी खाल्लं. यांनीही खाल्लं. त्या दिवशी पंगतीत यांच्याकडे एकाचाही हात सरकला नाही. काय सरकवणार? सगळ्यांच्या पानात कारलंच!

मला वाटलं, निभावलं. पण चाळीत बातमी जिन्याने जात नाही, गॅलरीतून उडत जाते. सकाळी नळावर शेजारीण शेवंता माझ्या पाया पडायला वाकली. "वैनी, तुम्ही एवढी मोठी बाई, आणि मी काल तुम्हाला बादलीवरून बोलले!" दुपारी समितीचा कार्यकर्ता हार घेऊन आला. संध्याकाळी निरोप, उद्या गिरणीच्या दारावर सभा आहे, दोन शब्द बोला.

यांना म्हटलं, "आता हो काय करू?"

"बोल," हे म्हणाले. "गोड नाय खावचा म्हणून बोल. खोटा खंय आसा त्यात?"

सभेत मला टेबलावर चढवलं. समोर ही गर्दी! मला राजकारणातलं काय कळतंय? मला एकच गोष्ट पाठ होती, डॉक्टरने सांगितलेली. तीच सुरू केली. "भावांनो, नाचणी खा! भात कमी करा! गूळ, साखर घरात आणू नका! कारली खा! आणि पाय जपा! पाय गेला तर सगळं गेलं!"

टाळ्या! थांबेचनात! मागून कोणीतरी ओरडलं, "बरोबर! मोर्चाला पाय लागतात!"

घरी आले ती हसत आले. पण आमच्या जिन्याशी मागच्या गल्लीतली एक म्हातारी उभी होती. तिचा मुलगा मोर्चावरच्या गोळीबारात गेला होता. तिने माझा हात धरला, म्हणाली, "बाय, तू करतेस ते बरं करतेस." एवढंच म्हणाली. मला वर जाववेना. माणसं जीव देऊन बसली होती, आणि मी त्यांच्या नावावर नवऱ्याचं पथ्य चालवत होते! त्या दिवशी ठरवलं, बोलले तर आहेच, आता हा नेम खराखुरा पाळायचा. मनापासून ठरवलं हो. तो पाळलाही. आठ दिवस.

मग गावाहून कोणीतरी जत्रेतलं खाजं आणून दिलं. मालवणी खाजं तुम्हाला ठाऊक असेल, बेसनाच्या कांड्या, वरून आलं घातलेल्या गुळाचा पाक. लाडूसारखं गुपचूप खायची सोय नाही त्यात, चावलं की चार खोल्यांना ऐकू जातं! मी ते डब्यात घालून डबा तांदळाच्या पिंपात पुरला. आता भात कमी लागत असल्याने त्या पिंपात कोणी हात घालणार नव्हतं. (बघा, कशी अक्कल चालते!) पुढचे तीन आठवडे हेच, दुपारी सगळे कामाला, मुलं शाळेत. मग मी दार लोटायचे, एक कांडी काढायचे आणि खाली आगीचा बंब वाजला, बस गेली, की त्या आवाजात एकदा चावायचे.

इकडे मेंबरांचं बघाल तर, ते एकमेकांवर पाळत ठेवून! धोंडू एकदा लालबागेत मिठाईवाल्यासमोर उभा दिसला, तर पंगतीत त्याची चौकशी झाली. "मेल्या, महाराष्ट्र होवक नाय अजून, नि तू जिलबी बघतंस?" पूर्वी चौदा हात यांच्या पानात घालायला टपलेले असायचे, आता डोळ्यांच्या चौदा जोड्या. आणि यांनीही मग चोरून खाणं सोडलं. कोणाकडून खाणार?

एके दिवशी हरताळ पडला, गिरणी अर्ध्या दिवसात सुटली. मी दार लोटून बसलेली. खाली बस आली. मी चावले. कुडुम! आणि त्याच आवाजात दार उघडलं.

हे दारात. मी पिंपाशी, मांडीवर डबा, गालात खाजं. चावताही येईना, गिळताही येईना. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. तीन आठवडे मी या माणसाला पंगतीत कारलं वाढत होते, "माझ्याही पानात तेच आहे" म्हणून सांगत होते.

हे आत आले. चपला काढल्या. माझ्यासमोर बसले. डब्यात किती उरलंय ते बघितलं. त्यांच्या गावच्या जत्रेचं खाजं, लहानपणापासूनचं. दोन बोटं पुढे आलीसुद्धा. मग त्यांनी माझ्या मांडीवरचं झाकण उचललं आणि डब्यावर दाबून बसवलं.

"घट लाव गो," म्हणाले. "मुंग्या लागतील."

बस्स. रागावले नाहीत, फसवलंस म्हणाले नाहीत. उठून पायाची पट्टी बदलायला बसले. पट्टी सोडली आणि मी बघितलं, जखमेच्या कडा जवळ आल्या होत्या. त्या तीन आठवड्यांत माझ्यापेक्षा यांनी जास्त केलं होतं, आणि मी टाळ्या घेऊन आले होते.

ते खाजं मी शेवंताच्या मुलांना देऊन टाकलं. त्यानंतर खरंच नाही खाल्लं. म्हणजे लोक सांगतात त्यात तीन आठवडे कमी करा.

अंगठा भरला. नळी पिवळी झाली, हिरवी झाली, आणि एक दिवस निळीची निळीच राहिली. डॉक्टर म्हणाला, "बाई, कसं जमवलंत?"

मी म्हटलं, "यांना चळवळीत घातलं."

चार वर्षांनी महाराष्ट्र झाला. चाळीत तोरणं, दिवे, गुलाल. आणि मेंबर पेढे घेऊन आले. एक पुडा नाही, चौदा पुडे! चार वर्षांची भूक होती ती. सगळी चाळ आमच्या दारात. "काकी आणि नाना यांनी पहिला पेढा खायचा!"

यांना चौघांसमोर खायला लावलं की संपलं. एक नाही, चौदा पेढे, प्रत्येकाचा एकच! पुन्हा तीच मोजणी. आणि आता नाही कशाला म्हणायचं? सबबच संपली! मी तोंड उघडलं "अहो" म्हणायला, आणि शेवंताने त्यात अख्खा पेढा कोंबला.

धोंडूने यांच्यापुढे पेढा धरला. यांनी त्याच्याकडे बघितलं, पेढ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पाटावर उभे राहिले, दोन्ही पायांवर नीट, आणि हात वर केला.

"बेळगाव इला?"

धोंडूने पेढा मागे घेतला.

"कारवार इला? निपाणी इली? मगे पेढो कसलो?"

असा आवाज मी यांचा कधी ऐकला नव्हता. चार वर्षांपूर्वी पुलाखाली "सांगू नको" म्हणणारा हाच माणूस! धोंडूचा चेहरा असा उतरला, की मला त्याची दया आली. "काकीनू," तो माझ्याकडे वळला, "तुम्ही काय म्हणतास?"

मी काय म्हणणार? माझ्या गालात अख्खा पेढा! मान हलवत राहिले, डोळ्यांतून पाणी. लोकांना वाटलं, बेळगावासाठी रडतेय. मागून कोणीतरी माझा जयजयकार केला. तेवढ्यात गिळला.

सगळे गेल्यावर हे म्हणाले, "गिळलंस?"

"गिळला."

"बरा." मग पाट भिंतीला लावता लावता म्हणाले, "माका भिया वाटला गो. आज एक पेढो तोंडात गेलो, तर उद्या मीच दुसरो शोधूक जायन."

हे गेले ते पंचाहत्तरी ओलांडून. त्या सकाळीसुद्धा आपल्या पायांनी देवळात जाऊन आले होते. शेवटपर्यंत आमच्या दोघांच्या पानात एकच जेवण होतं. पुढे पुढे मला वेगळं काही खावंसंच वाटेना, आणि हे गेल्यावर तर कारलंही गोड लागेना.

आता गेल्या वर्षी मलाच साखर निघाली. सून भली आहे. स्वतःही बिनसाखरेचा चहा पिते, माझ्यासमोर बसून. मी कुरकुरले की म्हणते, "आई, बेळगाव आलं नाही अजून!"

म्हणून मी रोज पेपर आला की आधी सीमाप्रश्नाची बातमी शोधते. चष्मा लावून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. चाळीतली पोरं म्हणतात, या वयात आजी किती जागरूक!

जागरूक कसली? एका पेढ्याची वाट बघतेय.